थर्माकोलला कशाचे वावडे?

नव्या दूरचित्रवाणी संचाच्या खोक्यापासून मासळीच्या पेटीपर्यंत सर्वत्र आढळणारा थर्माकोल रसायनांच्या बाबतीत सामान्य समजुतीच्या नेमका उलट वागतो. संडास साफ करण्याचे जहाल आम्ल, कपड्यांवरचे डाग घालवणारे ब्लीच, तुंबलेली मोरी मोकळी करणारा कॉस्टिक सोडा यांपैकी कशालाही तो दाद देत नाही. परंतु संत्र्याची साल त्याच्यावर पिळली, की तिच्यातून उडालेल्या बारीक तुषारांनी त्याच्या पृष्ठभागावर खळगे पडतात. पाण्यात महिनोन्‌महिने बुडवून ठेवला तरी त्याचे काही बिघडत नाही, मात्र नखांवरचा रंग काढण्याच्या द्रवाचा एक थेंब त्याला आरपार भोक पाडू शकतो. माणसाच्या त्वचेला जे तीव्र वाटते ते थर्माकोललाही तीव्र वाटेल, हे गृहीतकच इथे चुकीचे ठरते. कारण थर्माकोल कशाने बिघडेल हे त्या द्रवाच्या तीव्रतेवर नव्हे, तर दोघांच्या रेणूंमध्ये कितपत सारखेपणा आहे यावर ठरते.

थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकचा गोठलेला फेस होय. कारखान्यात या प्लॅस्टिकचे साखरेच्या दाण्याएवढे मणी घेतले जातात, ज्यांच्यात पेंटेन हा सहज उडून जाणारा द्रव आधीच मुरवलेला असतो. वाफेच्या उष्णतेने प्लॅस्टिक मऊ होते, पेंटेनचा वायू होतो आणि मणी मूळ आकारमानाच्या चाळीस-पन्नास पट फुगतात. हे फुगलेले मणी साच्यात भरून पुन्हा वाफ दिली, की ते एकमेकांना चिकटून ठोकळा तयार होतो. थर्माकोलचा तुकडा मोडला असता जे गोल दाणे सुटून येतात ते हेच फुगलेले मणी. प्रत्येक मण्याच्या आत अत्यंत पातळ भिंतींच्या असंख्य बंद पेशी असतात आणि त्यांत हवा कोंडलेली असते. ठोकळ्याच्या आकारमानापैकी सुमारे 98 टक्के भाग हवेचा आणि जेमतेम 2 टक्के भाग प्लॅस्टिकचा असतो. एका घनमीटरला 15 किलोग्रॅम भरणाऱ्या नेहमीच्या थर्माकोलचा एक घनफूट ठोकळा साधारण सव्वाचारशे ग्रॅम वजनाचा असतो. त्यातली हवा पूर्णपणे काढून टाकली, तर उरणारे प्लॅस्टिक अर्ध्या लिटरच्या भांड्यात सहज मावेल. थर्माकोल ‘खाल्ला गेला’ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा बहुतांश वेळा एवढेच घडलेले असते, की पेशींच्या भिंती कोसळून कोंडलेली हवा निघून गेलेली असते.

या प्लॅस्टिकचा जन्म वनस्पतीच्या पोटी झाला, ही बाब पुढच्या विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे. 1839 मध्ये बर्लिनमधील औषधविक्रेता एडुआर्ड सिमोन याने भारतात शिलारस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सुगंधी डिंकाच्या जातीचा डिंक ऊर्ध्वपातित करून एक तेलकट द्रव मिळवला. काही काळाने हा द्रव आपोआप घट्ट झालेला त्याला दिसला आणि हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग झाल्यामुळे असे घडले असावे, असा त्याने समज करून घेतला. प्रत्यक्षात स्टायरीनचे सुटे रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्यांच्या लांबच लांब साखळ्या तयार झाल्या होत्या. अशा साखळीरूप पदार्थांना बहुवारिक म्हणतात आणि त्यांच्या या रचनेची उकल विसाव्या शतकात हर्मान श्टाउडिंगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने केली, ज्याबद्दल त्याला 1953 चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज स्टायरीन खनिज तेलापासून तयार केले जात असले, तरी त्याचे सुगंधी वनस्पतिज तेलांशी असलेले नाते तुटलेले नाही. संत्र्याच्या सालीचा प्रताप हा त्या नात्याचाच परिणाम आहे.

पॉलिस्टायरीनची साखळी केवळ कार्बन आणि हायड्रोजन या दोन मूलद्रव्यांची बनलेली असते आणि तिच्यावर ठरावीक अंतराने बेंझीनची षट्कोनी कडी लटकत असते. तिच्यात विद्युतभाराची असमान वाटणी जवळजवळ नसते. पाण्याच्या रेणूत मात्र एका टोकाला किंचित धन आणि दुसऱ्या टोकाला किंचित ऋण भार असतो, ज्यामुळे पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून राहतात आणि ज्याच्यावर असा भार नाही अशा पदार्थाला आपल्यात सामावून घेत नाहीत. ही ओढ मोजण्यासाठी जोएल हिल्डब्रँड या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा विद्राव्यतेचा निर्देशांक वापरला जातो. त्याचे एकक इथे बाजूला ठेवले तरी आकडे बोलके आहेत : पॉलिस्टायरीनचा निर्देशांक 18 ते 19 च्या दरम्यान, थिनरमधल्या टोल्यूइनचा सुमारे 18, नेलपॉलिशमधल्या इथाइल ॲसिटेटचाही सुमारे 18, ॲसिटोनचा 20, अल्कोहोलचा 26 आणि पाण्याचा जवळपास 48. आकडे जितके जवळ तितका दोन्ही पदार्थ एकमेकांत मिसळण्याचा संभव अधिक. लहान रेणूंच्या पदार्थांत थोडी तफावत खपून जाते, परंतु बहुवारिकाच्या लांब साखळ्या शेवयांच्या गुंत्याप्रमाणे एकमेकींत अडकलेल्या असल्याने त्यांना सोडवायला फार जवळच्या जातकुळीचा द्रव लागतो. म्हणूनच अल्कोहोलचे प्रमाण भरपूर असलेले सॅनिटायझर थर्माकोलवर सांडले तरी ते नुसते उडून जाते.

ॲसिटोनयुक्त नेलपॉलिश रिमूव्हरचा थेंब थर्माकोलच्या पाटीवर पडताना जवळून पाहिला, तर ही सारी प्रक्रिया काही सेकंदांत उलगडते. थेंब टेकताच बारीक चुरचुर ऐकू येते. ती फुटणाऱ्या पेशींतून सुटणाऱ्या हवेची असते. पृष्ठभाग खचून खळगा पडतो, थेंब त्यात उतरत जातो आणि वाटेतल्या भिंती मऊ करत खाली पोहोचतो. खळग्याच्या तळाशी पांढरट, चिकट, ताणल्यास तार धरणारा लगदा जमतो. ॲसिटोन उडून गेल्यावर हा लगदा वाळून काचेसारखा कडक होतो, आणि तो कडक तुकडा म्हणजे मूळचे पॉलिस्टायरीनच असते. त्याचे ज्वलन झालेले नसते, विघटनही नाही आणि त्यातून नवे संयुगही तयार झालेले नसते. केवळ साखळ्यांच्या मध्ये ॲसिटोन शिरून त्यांची पकड सैल झालेली असते. ॲसिटोन पॉलिस्टायरीनला पूर्णपणे विरघळवतही नाही, फुगवून मऊ करते इतकेच. परंतु ज्या पदार्थाच्या भिंती इतक्या पातळ आहेत त्याचा डोलारा कोसळायला तेवढे पुरेसे असते. टोल्यूइन किंवा इथाइल ॲसिटेट यांत मात्र तो खरोखर विरघळतो आणि दाट पण स्वच्छ द्राव तयार होतो.

घरात अशी विद्रावके वेगवेगळ्या नावांनी वावरत असतात. रंगकामाचा थिनर, टर्पेंटाइन, पेट्रोल, सायकलच्या ट्यूबला पंक्चर काढताना लावतात ते सोल्यूशन, चामडे व रेक्झिन चिकटवण्याचा रबरी गोंद, बहुतेक स्प्रे रंग ही उघड उदाहरणे झाली. रॉकेल आणि डिझेल यांची क्रिया सावकाश होते, कारण त्यांत बेंझीनवर्गीय घटकांचे प्रमाण कमी असते. पण सांडून राहिल्यास तेही थर्माकोल मऊ करतात. फवारण्याच्या काही कीटकनाशकांत औषध अत्यल्प आणि बाकी सारा रॉकेलवजा द्रव असतो, त्यामुळे झुरळांवर मारलेला फवारा मागच्या थर्माकोलवर आपली खूण ठेवून जातो. निलगिरीचे तेल, लवंगेचे तेल, संत्र्या-लिंबाच्या सालीतले लिमोनीन हे सुवासिक घटकही याच रांगेतले आहेत. लिंबाबद्दल एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. थर्माकोलला खळगे पडतात ते लिंबाच्या आंबट रसाने नव्हेत, सालीतल्या तेलाने. रसातले सायट्रिक आम्ल त्याच्या बाबतीत पूर्णपणे निरुपद्रवी असते.

द्रवाचा थेंबही न सांडता होणारे नुकसान अधिक फसवे असते. कपाटात ठेवायच्या डांबराच्या गोळ्या नॅफ्थॅलिन किंवा पॅराडायक्लोरोबेंझीन या पदार्थांच्या असतात आणि दोन्हींच्या रेणूंत पॉलिस्टायरीनसारखीच बेंझीनची कडी असते. त्यांची वाफ बंद जागेत साठली, की जवळचा थर्माकोल हळूहळू चिकट होऊन खचतो. फुलपाखरे आणि किडे टाचून ठेवणाऱ्या संग्राहकांना हे जुने ज्ञान आहे. पेटीच्या तळाशी थर्माकोल असेल, तर तिथे पॅराडायक्लोरोबेंझीन वापरत नाहीत. दुसरे उदाहरण विजेच्या वायरचे. पीव्हीसीचे वेष्टन लवचिक राहावे म्हणून त्यात तेलकट मृदुकारक मिसळलेला असतो, आणि अशी वायर थर्माकोलला चिकटून वर्षानुवर्षे राहिली, तर तो मृदुकारक वायरमधून निघून थर्माकोलमध्ये मुरतो. परिणामी थर्माकोलमध्ये वायरच्या आकाराची चिकट खाच पडते आणि वेष्टन स्वतः कडक होऊन तडकू लागते. थर्माकोलच्या खोक्यात ठेवलेल्या जुन्या उपकरणाची वायर उपसून काढावी लागते त्याचे कारण हेच असते, आणि थर्माकोलचे आच्छादन दिलेल्या भिंतीतून किंवा छतातून वायर नळीविना नेऊ नये असे जे सांगितले जाते त्यामागेही हीच भीती आहे.

या सगळ्याच्या तुलनेत घरातली साफसफाईची बहुतेक द्रव्ये थर्माकोलच्या दृष्टीने पाण्याचीच भावंडे आहेत. साबण, कपड्यांची पावडर, धुण्याचा सोडा, व्हिनेगर, अमोनिया, ब्लीच, संडास धुण्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल ही सारी पाण्यात विरघळलेली असतात आणि पॉलिस्टायरीनच्या साखळीत त्यांना तोडण्याजोगा दुवाच सापडत नाही. मासळी आणलेल्या पेटीला वास येत असेल, तर कोमट साबणपाण्याने धुऊन नंतर ब्लीचच्या पातळ द्रावाने पुसून घेण्यास हरकत नाही. वास राहतो तो मण्यांमधल्या फटींत शिरलेल्या रक्तमिश्रित पाण्याचा आणि चरबीचा, प्लॅस्टिकचा नव्हे. अर्थात ब्लीच आणि आम्ल एकत्र ओतू नयेत, कारण त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि थर्माकोलला श्वास घ्यायचा नसला तरी धुणाऱ्याला तो घ्यायचा असतो. अपवाद आहे तो फिनाईलचा. पांढऱ्या फिनाईलमध्ये चीडवृक्षाचे तेल आणि काळ्या फिनाईलमध्ये डांबरापासून काढलेली तेले पाण्यात मिसळतील अशा रूपात असतात. बादलीभर पाण्यात झाकणभर मिसळल्यावर त्यांचा जोर उरत नाही, पण बाटलीतला मूळ अर्क थर्माकोलवर ओतणे शहाणपणाचे नाही. संत्र्याच्या वासाच्या, तेलकट डाग काढणाऱ्या क्लीनरांनाही हाच नियम लागू पडतो.

महाराष्ट्रात या रसायनशास्त्राची शिकवणी एका संबंध पिढीने गणपतीच्या मखरांवर घेतली. तापलेल्या तारेच्या कटरने महिरपी आणि खांब कापणाऱ्या, टाचण्यांनी तुकडे अडकवणाऱ्या कारागिरांना विद्राव्यतेचा निर्देशांक ठाऊक नसला, तरी थर्माकोलला ऑइल पेंट चालत नाही, पाण्यातले रंगच लागतात, आणि चिकटवायला पांढरा फेव्हिकॉलच हवा, हे पक्के ठाऊक होते. क्षणात चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब टाकला की जोड बसण्याऐवजी तिथे खड्डाच पडतो, कारण त्या गोंदाचा पातळ द्रव घट्ट होण्याआधी पेशींच्या भिंती विरघळवतो. सोनेरी स्प्रे मारायचाच असेल, तर आधी पाण्यातल्या रंगाचा जाड हात देऊन तो पूर्ण वाळू देणे आणि मग लांबून हलका फवारा देणे, ही युक्तीही शास्त्राला धरूनच होती. फेव्हिकॉलची अडचण वेगळी असे. त्यातले पाणी उडून गेल्याखेरीज तो धरत नाही, आणि दोन जाड पाट्यांच्या मध्ये अडकलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नसल्याने जोडाच्या कडा वाळतात, तर मध्यभाग दोन-दोन दिवस ओलाच राहतो. टाचण्या शोभेसाठी नसत. जोड सुकेपर्यंत तुकडे धरून ठेवण्याचे काम त्यांचे असे.

पाण्याला वाट न मिळणे हाच थर्माकोलचा खरा गुण आहे. तथापि तो निरपवाद नाही. पाणी पॉलिस्टायरीनमध्ये विरघळत नाही आणि बंद पेशींतही सहजासहजी शिरत नाही, पण फुगलेल्या मण्यांच्या मध्ये ज्या सूक्ष्म फटी उरतात त्यांत ते मुरते. महिनाभर बुडवून ठेवलेल्या चांगल्या प्रतीच्या ठोकळ्यात त्याच्या आकारमानाच्या 2 ते 4 टक्के पाणी भरते. मण्यांऐवजी वितळलेले प्लॅस्टिक यंत्रातून सलग दाबून काढलेल्या, एकजिनसी आणि बहुधा निळ्या किंवा गुलाबी रंगाच्या पाट्यांत अशा फटी नसल्याने हे प्रमाण 1 टक्क्याच्याही खाली राहते. पाण्यापेक्षा पाण्याची वाफ अधिक चिवट असते. शीतगृहाच्या भिंतीत एका बाजूला उन्हाळ्याची दमट हवा आणि दुसऱ्या बाजूला गोठवणारी थंडी असते, तेव्हा वाफ उबदार बाजूकडून थंड बाजूकडे सरकत राहते आणि थर्माकोलच्या आत कुठेतरी तिचे दव होते. स्थिर हवेच्या तुलनेत पाणी वीस पटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेत असल्याने अशी ओलसर झालेली भिंत दिसायला धडधाकट असूनही उष्णता रोखण्याच्या कामात निकामी होत जाते, आणि हा तोटा विजेच्या बिलात दिसतो. म्हणून उबदार बाजूला वाफ अडवणारा पडदा घालणे आवश्यक ठरते. तो बसवताना पेट्रोलजन्य विद्रावकात कालवलेले डांबर वापरले, तर ओलीपासून वाचवायला निघालेल्या थर्माकोलला त्या विद्रावकाचाच घास व्हावे लागते.

ओल आणि विद्रावक यांतला हा फरक सर्वांत मोठ्या प्रमाणावर नॉर्वेतल्या रस्त्यांनी दाखवून दिला. 1972 मध्ये ओस्लोजवळ फ्लोम येथे पुलाला जोडणारा रस्ता दलदलीच्या मऊ जमिनीत सतत खचत असल्याने अभियंत्यांनी त्याखालची माती काढून तिच्या जागी थर्माकोलचे ठोकळे भरले. मातीच्या सुमारे एक शतांश वजनाच्या या भरावामुळे जमिनीवरचा भार हलका झाला आणि खचणे थांबले. पुढे असे भराव उकरून तपासले असता पाण्याच्या पातळीच्या वर असलेल्या ठोकळ्यांत आकारमानाच्या 1 टक्क्याहून कमी, तर कायम पाण्याखाली राहिलेल्यांत 10 टक्क्यांपर्यंत पाणी आढळले, मात्र त्यांची ताकद घटलेली नव्हती. दशकानुदशके ओल्या जमिनीत गाडलेल्या या पदार्थाची अभियंत्यांना खरी धास्ती आहे ती रस्त्यावर एखादा पेट्रोलचा टँकर उलटण्याची. म्हणून भरावाच्या माथ्यावर काँक्रीटचा थर किंवा पेट्रोलला दाद न देणाऱ्या जाड प्लॅस्टिकची चादर घालण्याची पद्धत आहे. वाहनांचा भार वाटून देणे हे काँक्रीटचे एक काम असले, तरी झिरपणारे इंधन अडवणे हे दुसरे कामही तितकेच महत्त्वाचे मानले जाते.

खाद्यपदार्थांच्या बाबतीत उष्णतेचाही विचार करावा लागतो. पॉलिस्टायरीन साधारण 100 अंश सेल्सिअसला मऊ पडते, त्यामुळे उकळता चहा थर्माकोलच्या पेल्यात टिकतो, पण कढईतून काढलेली भजी थर्माकोलच्या ताटलीला चिकटून बसतात. त्याहून कमी तापमानातही प्लॅस्टिकमध्ये शिल्लक राहिलेले स्टायरीनचे सुटे रेणू गरम आणि विशेषतः स्निग्ध पदार्थात उतरू शकतात, कारण तेल हे पाण्यापेक्षा त्यांच्या जवळचे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2018 मध्ये स्टायरीनला माणसात बहुधा कर्करोगकारक अशा गटात टाकले आहे. पेल्यातून उतरणारे प्रमाण अत्यल्प असते हे खरे, तथापि गरम तेलकट अन्न वाढायला हे भांडे योग्य नाही, एवढे म्हणायला तेवढा आधार पुरेसा आहे.

जे पाण्यात विरघळत नाही ते विसर्जनातही विरघळत नाही, हे महाराष्ट्राच्या किनाऱ्यांनी अनेक वर्षे पाहिले. मार्च 2018 मध्ये राज्य सरकारने प्लॅस्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली आणि 1 जुलै 2022 पासून सजावटीचा थर्माकोल देशभर बंद झाला. उपकरणांच्या खोक्यांतून येणारा थर्माकोल मात्र घरोघरी येतच आहे. त्याचे भंगारमूल्य कमी असते ते त्यात हवाच अधिक असल्यामुळे; ट्रकभर थर्माकोल वाहून नेणे म्हणजे बव्हंशी हवाच वाहून नेणे होय. या अडचणीवर जपानमधील सोनी कंपनीच्या संशोधकांनी 1990 च्या दशकात संत्र्याच्या सालीतले लिमोनीन वापरले : जागच्या जागी थर्माकोल विरघळवून त्याचे आकारमान घटवायचे, द्राव कारखान्यात नेऊन लिमोनीन ऊर्ध्वपातनाने परत मिळवायचे आणि उरलेल्या पॉलिस्टायरीनचे पुन्हा मणी करायचे. विद्राव्यतेचा दोष इथे उपयोगी पडला.

अशी विद्रावणाची प्रक्रिया बंदिस्त यंत्रांत आणि वाफ कोंडून ठेवण्याची सोय असलेल्या ठिकाणीच व्हायला हवी. थर्माकोल पेट्रोलमध्ये किंवा थिनरमध्ये विरघळवून घरच्या घरी गळती बुजवण्याचा डिंक करण्याच्या ज्या युक्त्या सांगितल्या जातात, त्यांतून मिळणारा चिकट पदार्थ झपाट्याने पेट घेतो, अंगाला चिकटून जळतो आणि तो करताना निघणारी वाफ स्वयंपाकघरातल्या शेगडीपर्यंत सहज पोहोचते. म्हणून वाचकांनी हा प्रयोग कोणत्याही कारणाने करू नये. खोक्यातून निघालेला थर्माकोल कोरडा व अखंड ठेवून पुनर्चक्रणासाठी घेणाऱ्याकडे द्यावा, आणि घरात वापरात असलेल्या थर्माकोलवर कोणताही नवा रंग, गोंद वा क्लीनर वापरण्यापूर्वी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर त्याचा एक थेंब टाकून तासभर वाट पाहावी.